मोकळ्या जागेत मामा

पुण्यात फोटोग्राफीचा कोर्स करणाऱ्या मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी पाठवू नये. पाठवलंच तर कॅमेरा काढून घ्यावा. मी सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली अठरा-पंचावन्नची लेन्स गळ्यात अडकवून करमाळ्यात उतरलो, तेव्हा डोक्यात फक्त कंपोझिशन होतं. सुट्टीनंतर पोर्टफोलिओ द्यायचा होता आणि प्रत्येक फोटोखाली ‘हा असाच का काढला’ ते चार ओळींत लिहायचं होतं. खरं उत्तर बहुतेक वेळा ‘चुकून’ असं असतं. ते लिहून मार्क मिळत नाहीत.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसानं 1932 साली पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनमागं डबक्यावरून उडी मारणारा एक गृहस्थ, टाच पाण्याला टेकायच्या आत टिपला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या मागं ‘निर्णायक क्षण’ लावून दिला. वळवाचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी साचलेलं एक बऱ्यापैकी डबकं निवडून मी उकिडवा बसलो. पण करमाळ्याचा माणूस डबक्यावरून उडी मारत नाही. तो चपला हातात घेऊन सरळ त्यातून जातो, नाहीतर वळसा घालतो आणि वळसा घालता घालता थांबून विचारतो, “काय पडलंय का?” थोड्याच वेळात चार-पाच जण माझ्याबरोबर डबक्यात बघायला लागले. एकानं काठी आणून तळ ढवळून दिला. निर्णायक क्षण शेवटी आला, तो भरधाव ट्रॅक्टरच्या रूपानं. त्याचा फोटो नाही, शर्ट आहे.

मग कमलाभवानीच्या देवळात गेलो. रावरंभा निंबाळकरांनी 1727 मध्ये बांधलेलं हे देऊळ. इथला आकडा शहाण्णव. खांब शहाण्णव, ओवऱ्या शहाण्णव आणि विहिरीच्या पायऱ्याही शहाण्णवच सांगतात. मला वर्गात शिकवलेला आकडा तीन. फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे आणि विषय रेघांच्या छेदावर बसवायचा. शहाण्णवला तीननं नि:शेष भाग जातो, एवढ्यावरच मी खूश.

पायऱ्या नजरेला आत ओढून नेतात, असं पुस्तकात आहे. मला त्यांनी अख्खाच आत नेला. तळाशी गडद सावली, वर मे महिन्याच्या दुपारचं आभाळ. कॅमेऱ्याला ही दोन्ही एकदम झेपत नाहीत. सावली सांभाळली की आभाळ पांढरंफटक होतं, आभाळ सांभाळलं की पायऱ्या काळ्याठिक्कर. सकाळी लवकर यावं हा त्यावरचा साधा उपाय, पण सुट्टीत तो कोण करतो? शटर एक-पंधरांश सेकंदावर आणून मी सावलीतल्या पायऱ्या धरल्या. एवढ्या सावकाश शटरला श्वास रोखून धरायचा असतो. वर-खाली करून आलेल्या माणसाची श्वास घ्यायचीच पंचाईत, तो रोखणार कुठला? फोटोत पायऱ्या दीडशेच्या पुढं दिसतात.

देवळापुढच्या तीन दीपमाळा अठरा मिलिमीटरवर घेतल्या. कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा टोकाला एकमेकींकडं कलतात. तिन्ही दीपमाळा कुणाची तरी सोयरीक मोडायला बसल्यासारख्या डोकी जवळ आणून उभ्या. कॅमेरा सरळ धरून मागं सरकायचं, हा यावरचा इलाज. सरकलो, तो थेट नारळवाल्या मावशींच्या पाटीत. मावशींनी फुटलेल्या नारळाचे पैसे घेतले आणि स्क्रीनवर डोकावून म्हणाल्या, “आरं, माळा सरळ हायत की! तुझ्यात वाकड्या कशा?”

भरपाई म्हणून त्यांचाच फोटो काढला. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि मागचं तितकं धूसर. हे उलटं गणित पाठ व्हायला मला एक सेमिस्टर लागलं होतं, म्हणून वापरायची हौस दांडगी. मावशींचा चेहरा लख्ख आला. त्या म्हणाल्या, “दुकान का पुसलंस? आन् पाय कुठं गेलं माझं?”

माणसं नकोत, पक्षी बरे, म्हणून मावसभावाच्या गाडीवर बसून उजनीच्या काठावरच्या केत्तूरकडं निघालो. उजनी धरणात पाणी मावतं 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की उजनी ‘मायनसमध्ये’ जाते. त्यामुळं मी “एक्स्पोजर मायनसमध्ये घेतो” म्हणालो, तेव्हा भावानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “किती टक्के?” पाणी हटलं की गाळ उघडा पडतो आणि उथळ पाण्यातलं शेवाळ, बारीक किडे खायला फ्लेमिंगो उतरतात. पंचावन्न मिलिमीटरमधून फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी टिंब. मी गुडघाभर चिखलात दहा पावलं पुढं गेलो की ते दहा पावलं मागं. शेवटी टिंबांचाच फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘निगेटिव्ह स्पेसमधून एकटेपणा व्यक्त केला आहे.’ सरांना आगाऊ पाठवला, तर शेरा आला: ‘एकटेपणा दिसतो. पक्षी दिसत नाहीत.’

भावाला मात्र तोच फोटो पसंत पडला. “लई मोकळी जागा सुटलीय, वाया कशाला घालवायची?” मोठ्या मामांचा वाढदिवस तोंडावर आला होता. फ्लेक्सचं कंपोझिशन आमच्या वर्गात शिकवत नाहीत, पण नियम त्यालाही आहेत आणि ते कुणी मोडत नाही. उत्सवमूर्ती मधोमध, कमरेपासून वर, डोळ्याला गॉगल, कानाला मोबाइल. शुभेच्छुक खाली, मानाच्या उतरत्या क्रमानं. बोटभर जागा मोकळी सोडायची नाही. आता उजनीच्या आभाळात मामा आहेत आणि पाण्यात बत्तीस शुभेच्छुक. माझा पहिला प्रसिद्ध झालेला फोटो, दहा बाय पंधरा फूट.

उजवीकडच्या रेघेवर, जिथं फ्लेमिंगो होते, तिथं अजून पाच-सहा डोकी सहज बसतील. मामांना शुभेच्छा द्यायच्या असतील त्यांनी गुरुवारपर्यंत पासपोर्ट साइजचा फोटो आणून द्यावा. नसेल तर मी काढून देतो. मागचं दुकान पुसणार नाही.