उताऱ्यात दिलेलं नाही

कॅनडा सरकारच्या हिशेबात मी चाळीस गुणांचा नवरा आहे. तेही जास्तीत जास्त. स्थलांतरासाठी एक्स्प्रेस एंट्री नावाची त्यांची पद्धत आहे, तिच्यात १२०० गुणांची मोजणी होते. अर्ज बायकोच्या नावावर असेल तर सोबतच्या नवऱ्याच्या शिक्षणाला १०, कॅनडातल्या नोकरीच्या अनुभवाला १० आणि भाषेला २०. भाषेच्या विसाचे पुन्हा चार वाटे होतात : ऐकणं, बोलणं, लिहिणं, वाचणं. म्हणजे माझ्या इंग्रजी वाचनाचा भाव पाच गुण. आणि अर्जात नवराच नसेल, तर हे चाळीस गुण बायकोच्याच वयात, शिक्षणात, भाषेत आणि कॅनडातल्या अनुभवात मिळवून टाकतात. ‘तुम्ही नसता तरी काही अडलं नसतं’ असं ही एकदाही म्हणाली नाही. तिनं फक्त तक्ता माझ्यासमोर ठेवला.

त्या पाच गुणांसाठी मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसलो.

ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. मी त्याच वर्षी निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पाचवीत गेलो आणि माझी एबीसीडी सुरू झाली. तेव्हा सरकारी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच असे. त्यामुळे ती आणि माझं इंग्रजी एका वयाचं, पण ती केंब्रिजच्या वळणाची आणि हे गुरुजींच्या.

गुरुजींचं वळण म्हणजे उतारा सोडवण्याची रीत. प्रश्नातला एखादा ठसठशीत शब्द धरायचा, ‘ओल्ड मॅन’ म्हणा, उताऱ्यात तो कुठं आहे ते बोट फिरवून शोधायचं आणि ते अख्खं वाक्य, मोठ्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत, उत्तर म्हणून उतरवून काढायचं. उत्तर त्या वाक्यात कुठंतरी असायचंच. नेमकं कुठं ते शोधणं हे तपासणाऱ्याचं काम. या रीतीवर मी दहावी झालो, डिप्लोमा झालो, आणि सातपूरला कारखान्यात नोकरीला लागलो. म्हातारा त्या उताऱ्यात काय करत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आयईएलटीएससाठी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासात नाव घातलं. वर्गात नर्सिंगच्या मुली, डिप्लोमाची पोरं, आणि शेवटच्या बाकावर मी. सगळे मला काका म्हणत. मॅडम चोवीस-पंचवीस वर्षांच्या. त्या मला सर म्हणत, आणि चूक दाखवायच्या वेळी जरा जास्तच आदरानं म्हणत.

पहिल्याच तासाला त्यांनी गुरुजींचा निकाल लावला. म्हणाल्या, “प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा सापडला ना, की आधी सावध व्हायचं. तिथं गळ टाकलेला असतो.” आणि ते खरंच निघालं. प्रश्नात ‘फ्री’ असेल तर उत्तराच्या जागी ‘नो चार्ज’ असतं, आणि उताऱ्यात जिथं ‘फ्री’ दिसतं तिथं ‘शुगर-फ्री’ बिस्किटं असतात. प्रश्नात ‘मुलं’ असतील तर उताऱ्यात ‘बारा वर्षांखालील’. म्हणजे शब्द नाही शोधायचा, त्याचा चुलतभाऊ शोधायचा. उत्तर सोंग घेऊन बसलेलं असतं आणि तुम्ही त्याला चालीवरून ओळखायचं असतं. यात्रेतल्या गर्दीत आमच्या आत्या घरचं पोर असंच पाठीवरून ओळखत.

मग आलं स्किमिंग आणि स्कॅनिंग. वर्गातल्या पोरांनी वहीत व्याख्या उतरवून घेतल्या. मला वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे? लग्नपत्रिका कोणी ओळीनं वाचतं का? वरचा श्लोक, कुलदैवतांची यादी, दोन्हीकडच्या आजोबांचे ‘कै.’, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पिल्लावळ, हे सगळं डोळ्यांखालून नुसतं सरकतं : हे लग्नच आहे, बारसं नाही, एवढं कळलं की पुरे. हे स्किमिंग. नंतर डोळे थेट तीन गोष्टींवर : तारीख, मुहूर्त, कार्यालय. हे स्कॅनिंग. आणि शेवटी तळाच्या कोपऱ्यात ‘आहेर आणू नये’ असं बारीक अक्षरात आहे का, हे बघायला जी नजर जाते, तिला या परीक्षेत फार मान आहे. कारण सगळी मेख तळाच्या कोपऱ्यातच असते.

स्थलांतराला जो जनरल ट्रेनिंगचा पेपर असतो, त्याचा पहिला भाग नुसत्या सूचना, जाहिराती आणि वेळापत्रकांचा. पोहण्याच्या तलावाचे नियम, ग्रंथालयाची वर्गणी, तंबू ठोकायच्या जागांच्या सहा जाहिराती. कुत्रं नेता येईल अशी जागा कोणती? दोन जाहिरातींत कुत्रं असतं. एकीत त्याचं मनापासून स्वागत असतं, ‘जुलै आणि ऑगस्ट सोडून’. आणि प्रश्नातलं कुटुंब नेमकं ऑगस्टात निघालेलं असतं. तेव्हा ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘ओन्ली’ हे शब्द दिसले की पेन्सिल टेकवायची. आमच्याकडं हेच काम जाहिरातीतल्या टिकलीएवढ्या चांदणीकडं असतं, ‘अटी लागू’वाल्या.

माझी अडचण वेगळी होती. सूचना लिहिली आहे तशी पाळायची असते, हेच मला नवं होतं. ‘येथे वाहने लावू नयेत’ ही पाटी वाचून आपल्याला पहिली गोष्ट कळते ती ही की इथं गाडी लावायला जागा चांगली आहे, एरवी पाटी कशाला लावली असती? ‘साहेब भेटणार नाहीत’ म्हणजे साहेब आत आहेत. ‘शुक्रवारी लाइन बंद’ म्हणजे शनिवारीही बंद, दळण आधीच आणून ठेवा. एवढी वर्षं न लिहिलेलं वाचण्यावर संसार केला, आणि आता मॅडम सांगतात, “सर, फक्त लिहिलंय तेवढंच वाचा ना.”

शब्दमर्यादेत मी असाच गेलो. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी ताकीद होती. मी ‘द मेन गेट’ लिहिलं. ‘द’ हा शब्द असतो, हे मला त्या दिवशी कळलं. उत्तर बरोबर, गुण शून्य. जोडरेघ दिलेला शब्द मात्र एकच धरतात, म्हणून मी काही दिवस सगळीकडं जोडरेघ देऊन बघितली. तसंही चालत नाही.

परिच्छेदांना शीर्षकं लावण्याचा प्रकार मात्र ओळखीचा वाटला. ‘समर्पक शीर्षक द्या’ हा प्रश्न मराठीच्या पेपरात असायचा आणि मी प्रत्येक उताऱ्याला ‘श्रमाचे महत्त्व’ हे शीर्षक देत असे. बहुतेक वेळा ते लागू पडे. इथं शीर्षकं आयती मिळतात, पण परिच्छेदांपेक्षा जास्त. सहा परिच्छेद असतील तर आठ-नऊ. जास्तीची दोन-तीन अशी नटूनथटून बसलेली असतात की तीच पसंत पडतात. मॅडमचं म्हणणं, परिच्छेदात एखादा शब्द दिसला म्हणून शीर्षक चिकटवू नका. संपूर्ण परिच्छेद कशाबद्दल आहे ते स्वतःच्या चार शब्दांत आधी मनात म्हणा आणि मग यादी बघा. माझ्या मनात प्रत्येक वेळी ‘श्रमाचे महत्त्व’ येई.

इथवर मी कसाबसा तगलो. खरा घात केला तो त्या तीन चौकटींनी : ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन. बरोबर, चूक, आणि उताऱ्यात दिलेलं नाही.

बरोबर आणि चूक आपल्याला जन्मापासून ठाऊक. ही तिसरी चौकट मी आयुष्यात पाहिली नव्हती. मॅडमनी फरक समजावला : विधानाचा उताऱ्याशी मेळ बसला तर ट्रू. उतारा त्याच्या उलट सांगत असेल तर फॉल्स. आणि उतारा त्यावर गप्प असेल तर नॉट गिव्हन. मग जगात ते कितीही खरं असो. “तुम्हाला काय माहीत आहे ते दाराबाहेर चपलांसोबत ठेवायचं,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. चपला बाहेर ठेवल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेत उतारा आला द्राक्षाच्या वेलींवर.

आता निफाडच्या माणसापुढं द्राक्षाचा उतारा ठेवणं म्हणजे काय, हे त्या पुस्तक काढणाऱ्याला कळायचं कारण नाही. कुठल्याशा थंड देशातले मळे होते. उताऱ्यात लिहिलं होतं की वेलींची छाटणी हिवाळ्यात करतात. आणि खाली विधान : ‘वेलींची छाटणी वर्षातून एकदाच होते.’ मी तिथल्या तिथं फॉल्स ठोकलं. एकदाच? एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही छाटण्यांत मी पाटीत काड्या वेचून मोठा झालोय. खरड छाटणी घेतली नाही तर काडीत घड तयार होणार कधी? चाळीसपैकी या एकाच उत्तराची मला खात्री होती, आणि नेमकं तेच चुकलं.

“सर, नॉट गिव्हन.”

“अहो मॅडम, पण दोनदाच छाटतात.”

“आपल्याकडं. उताऱ्यात कुठं लिहिलंय?”

“हिवाळ्यात छाटतात एवढंच लिहिलंय.”

“मग उन्हाळ्यात छाटत नाहीत, असं लिहिलंय का?”

“नाही.”

“छाटतात, असं लिहिलंय?”

मी गप्प. उतारा पण गप्प. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात एनजी लिहिलं.

घरी येऊन वडिलांना फोन लावला. त्यांना म्हटलं, दादा, द्राक्षाची छाटणी वर्षातून किती वेळा? ते म्हणाले, “काय झालं रे तुला?” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एकदा छाटून कोणाचं भागतंय? त्या मॅडमला एक दिवस बागेत घेऊन ये.” थंड देशात खरोखर मुख्य छाटणी हिवाळ्यातच होते, वेल झोपलेला असताना, आपल्याकडं तो झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावा लागतो, हे मला नंतर कळलं. पण त्यानं उत्तर बदलत नव्हतं. उत्तर नॉट गिव्हनच होतं.

पुढचे आठ दिवस मी या एकाच विषयावर विचार केला. आपल्या भाषेत ‘दिलेलं नाही’ असं काही असतं का? आपल्याला व्याकरणातच कर्ता अध्याहृत असतो असं शिकवतात : दिसत नाही, पण आहे असं समजायचं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या वेळी अकरा स्थळांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं होतं. परीक्षेच्या नियमानं त्या अकराही ठिकाणचं उत्तर नॉट गिव्हन. आमच्या काकूनं मात्र पोहे संपायच्या आत अकराही ठिकाणी फॉल्स लिहिलं होतं, आणि अकराच्या अकरा बरोबर. त्या काकूला हा पेपर दिला तर ती चार बँडच्या, म्हणजे या परीक्षेतल्या गुणांच्या चौथ्या पायरीच्या, वर जाणार नाही, आणि तिच्याइतकं नेमकं वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी घड्याळ काढून घेतलं, खिसे रिकामे केले, पासपोर्ट तेवढा हातात ठेवू दिला. ६० मिनिटं, ४० प्रश्न. पडद्यावर डाव्या अंगाला उतारा, उजव्या अंगाला प्रश्न, वर मिनिटं उतरत असलेली. मॅडमनी वाटणी करून दिली होती : सोप्या भागाला १५ मिनिटं, कामाच्या ठिकाणच्या उताऱ्यांना २०, शेवटच्या लांब उताऱ्याला २५. पहिल्या भागात एका सहलीची जाहिरात होती. ती मला इतकी आवडली की आपण सगळे गेलो तर कुठला दर लागेल, दादांना ज्येष्ठांची सवलत बसेल का, हा हिशेब करण्यात तीन मिनिटं गेली. बाकी रीतीनं वागलो. आधी प्रश्न वाचला, मग उतारा. ‘ऑल’, ‘नेव्हर’ असे ठाम शब्द दिसले की थबकलो. अडलेला प्रश्न सोडून पुढं गेलो आणि शेवटी एकही जागा रिकामी ठेवली नाही, कारण चुकीला गुण कापत नाहीत. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांतून कातडी सोललेल्या माणसाला ही सोय माहेरासारखी वाटते.

तीन चौकटींचे प्रश्न आले तेव्हा विषय काय होता ते सांगायची परवानगी नसते. द्राक्ष नव्हतं, एवढं सांगतो.

निकाल आला. वाचनात बायकोला ८.५, मला ६.५. जनरलच्या वाचनात सात बँडला ४० पैकी साधारण ३४ उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे माझं एखाद-दुसऱ्या प्रश्नानं हुकलं. सातला पाच गुण होते, साडेसहाला तीन. बाराशेपैकी तीन. हिनं तक्त्यात तीनचा आकडा भरला आणि म्हणाली, “नसण्यापेक्षा बरे.” गुणांबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, ते उताऱ्यात दिलेलं नाही.

सरावाची चार पुस्तकं माझ्याकडं पडून आहेत. कोणाच्या मुलाला, सुनेला लागत असतील तर संध्याकाळी सहानंतर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. उत्तरं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत, खोडरबरानं जातील. द्राक्षाच्या पानावर तेवढं मी पेनानं फॉल्स लिहिलं आहे. ते खोडू नका.