जिल्ह्याचं प्रतिज्ञापत्र कुठाय?

सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’ निघाला, की आमच्याकडे माणसाचं ‘प्रकरण’ होतं. पीककर्ज अडतं, पीकविमा लटकतो. मग सेतूत जायचं आणि वरील दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं शपथेवर लिहून द्यायचं. एवढ्यानं भागलं नाही, तर राजपत्र.

कागदोपत्री एकवाक्यतेचा हा आग्रह धरणाऱ्या जिल्ह्याचीच फाईल जरा उघडू. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद. जून 2022 मध्ये एका मंत्रिमंडळानं त्याचं धाराशिव केलं आणि सरकार गेलं. जुलैत दुसऱ्यानं तेच पुन्हा केलं. आधीच्या अर्जावरची सही बहुधा जुळली नसावी. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची ना हरकत आली, सप्टेंबरात जिल्ह्याचं राजपत्र निघालं. 8 मे 2024 ला उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानंही. एवढे कागद ज्ञानोबानं जोडले असते, तर त्याला शेजाऱ्याचाही विमा मिळाला असता.

आता जुळणी पाहा. उच्च न्यायालयाच्या निकालाच्या आदल्याच दिवशी, 7 मे रोजी, धाराशिवकरांनी लोकसभेसाठी मतदान केलं. कुठल्या मतदारसंघात? उस्मानाबाद. मतदारसंघांची नावं परिसीमनाच्या आदेशातली, ती राज्याच्या राजपत्रानं हलत नाहीत. रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला 2025 उजाडलं. तोवर माणूस एसटीनं धाराशिवला यायचा आणि रेल्वेनं उस्मानाबादला. शेळी तर आजही उस्मानाबादीच आहे. तिनं नाव बदललं नाही आणि बाजारात तिचा भावही त्यावाचून अडला नाही. सगळीकडे सारखी राहिली ती एकच गोष्ट, गाडीवरची एमएच-25. उद्या वाद वाढलाच, तर जिल्ह्याला आकड्यानंच हाक मारावी. आकड्याला जात नाही, धर्म नाही आणि वेलांटीची चूकही नाही.

तरीही या जिल्ह्याचं एकही अनुदान नावातल्या तफावतीपायी परत गेलेलं ऐकिवात नाही. कुणी त्याला म्हणालं नाही, ‘दोन्ही नावांचा जिल्हा एकच, असं लिहून आणा, दोन साक्षीदारांसह.’

ज्ञानोबानं धीर करून खिडकीवर विचारलंच, ‘साहेब, जिल्ह्याला दोन नावं चालतात, मग मला का नाही?’

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘अहो, जिल्हा कधी रांगेत उभा राहिलाय का?’