हवेचं भाडं

दारव्ह्यात सध्या दोन गोष्टी फुकट मिळतात. एक सल्ला आणि दुसरी घरपोच सेवा. दोन्हींचं बिल मागाहून येतं.

सल्ल्याचं सोडा, त्याची आपल्याला सवय आहे. घरपोच सेवेचं प्रकरण मात्र नवं. 'पाहुणा पुण्याला चालला का? मग एवढी पिशवी ने' हीच ज्या गावाची मालवाहतूक, तिथल्या बायका आता व्हॉट्सॲपवर कोथरूड, बडोदा आणि बेंगळुरूच्या ऑर्डरी घेऊ लागल्या आहेत. पापड, शेवया, सरगुंडे, मूगवड्या, कुरोड्या. (पुण्याच्या वाचकांसाठी : कुरोड्या म्हणजे तुमच्या कुरडया. आमच्या जास्त चांगल्या असतात, पण तो वाद आज नको.) माल उत्तम, फोटो त्याहून उत्तम. फोटोखाली फुलांच्या नक्षीत एक ओळ असते : 'संपूर्ण भारतात मोफत घरपोच'. भारत केवढा आहे हे भूगोलात नापास झालेल्यालाही ठाऊक असतं. ही ओळ लिहिणाऱ्याला मात्र ते पहिली ऑर्डर गुवाहाटीहून येईपर्यंत कळत नाही.

टपालखर्च ठरवण्याची आमच्याकडची सर्वमान्य रीत म्हणजे अंदाजपंचे. त्याखालोखाल शेजारीण. ती साठ लावते, मग आपण पन्नास लावू. शेजारीण साठ कशाच्या आधारावर लावते? तिनं भाचीला विचारलं. भाचीनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. व्हिडिओवाला गृहस्थ मोबाइलची कव्हरं विकतो. अशा रीतीनं सुरतेच्या मोबाइल कव्हराचा टपालखर्च दारव्ह्याच्या मूगवडीला लागू झाला आहे, आणि मूगवडीनं अजून तक्रार केलेली नाही. काही धोरणी लोक सरसकट शंभर घेतात. यवतमाळच्या गिऱ्हाइकाकडून कमवायचं आणि आसामात घालवायचं, असा हा आंतरराज्य सलोखा आहे.

आमच्या आळीतल्या काकू बचत गट चालवतात आणि त्यांचा अंदाजावर विश्वास नाही. त्यांचा विश्वास तराजूवर. गहू तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक गाळून, पहाटे चारला गच्चीवर सोऱ्या घेऊन बसणारी बाई अंदाजानं जगत नसते. त्यांनी दोन किलो कुरोड्या मोजल्या, किराणा दुकानातून बिस्किटांचं रिकामं खोकं आणलं, तळाला रद्दी, वर रद्दी, मध्ये कुरोड्यांचे थर, चारी बाजूंनी चिकटपट्टी. दोन किलोचा टपालखर्च गिऱ्हाइकाकडून आधीच घेतला होता. खोकं कुरिअरवाल्याकडे गेलं. तिथल्या पोरानं ते काट्यावर ठेवलं, मग काट्यावरून उचललं आणि खिशातून टेप काढला. लांबी चाळीस, रुंदी तीस, उंची पंचवीस. मोबाइलवर बोटं फिरली. चाळीस गुणिले तीस गुणिले पंचवीस म्हणजे तीस हजार. भागिले पाच हजार. "काकू, सहा किलो."

"काहून बापा? दोन किलो माल हाय!"

"खोकं मोठं हाय नं काकू. गाडीत जागा खाते. वजन अन् आकार, जे जास्त भरते त्याचे पैशे."

"पण त्यात तं हवाच हाय! हवेचेबी पैशे लागते का आता?"

लागतात. व्हॉल्युमेट्रिक वजन नावाचा हा प्रकार जगभरातल्या कुरिअरांत चालतो. सेंटिमीटरमध्ये तिन्ही मापं घ्यायची, गुणाकार करायचा, बहुतेक ठिकाणी पाच हजारानं भागायचं, आलेला आकडा किलो समजायचा. विमान आणि ट्रक वजनाआधी जागेनं भरतात, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. फक्त त्यामुळे लोखंडाच्या अडकित्त्याला न्याय मिळतो आणि कुरोडीवर अन्याय होतो. पोरानं समजुतीनं सांगितलं, लहान खोकं आणा. काकू म्हणाल्या, "लहान खोक्यात कोंबल्या तं कुरोड्यायचा चुरा होते. मंग चुऱ्याचं वजन करतं का?" या प्रश्नाला कुठल्याही कुरिअर कंपनीच्या नियमावलीत उत्तर नाही. तसंही महाराष्ट्रात खोक्याचं खरं वजन उघड सांगायची पद्धत राहिलेली नाही.

खरं तर हे गणित वऱ्हाडाला नवं नसावं. कापूस म्हणजे तरी काय, धाग्यांत अडकलेली हवाच. ती हवा मुंबईपर्यंत वाहून न्यायची तर भाड्यातच शेतकरी आणि व्यापारी दोघेही बुडाले असते. म्हणून जिनिंगच्या शेजारी प्रेसिंग आलं. सरकी काढायची, रुई यंत्राखाली दाबायची आणि पट्ट्या आवळून गाठ बांधायची. आज अशा एका गाठीत १७० किलो रुई बसते. इथला कापूस मँचेस्टरकडे गेला तो असा दम कोंडून. त्यासाठीच आमची शकुंतला यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा-मोतीबागेवरून, ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावली. तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, म्हणजे कापूस न्यायला इंजिनही त्यांचं आणि कापूस दाबायची अक्कलही त्यांची. पुढे शकुंतला थकली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. ती दारव्ह्याला पोचेपर्यंत कुरोड्यांनी धीर धरावा.

कापूस दाबता येतो, कुरोडी दाबता येत नाही, एवढाच काय तो पेच आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं कापसाची इतकी वाणं काढली, तर एक सपाट कुरोडीचंही काढावं अशी माझी नम्र सूचना आहे. पाकिटात बसली पाहिजे, तळल्यावर फुलली पाहिजे. शक्य झाल्यास वर पिनकोड छापलेला असावा.

पिनकोडवरून आठवलं. ही सहा आकड्यांची व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयातला अधिकारी आणि संस्कृतचा पंडित. त्यांनी देशाचे विभाग पाडले, आपल्या वाट्याला ४ आला, आणि दारव्ह्याला ४४५२०२ मिळाला. टपालखर्च अचूक सांगायला विक्रेत्याला लागतात त्या दोनच गोष्टी : बांधलेल्या पार्सलचं वजन-माप आणि गिऱ्हाइकाचा पिनकोड. पहिली विक्रेता मोजत नाही, दुसरी गिऱ्हाईक सांगत नाही. गिऱ्हाईक लिहितं, 'पुण्यात, सिंहगड रोडला, पुलाच्या अलीकडे.' पंडितांनी सहा आकड्यांत बसवलेला देश आम्ही पुन्हा पुलाच्या अलीकडे आणून ठेवला आहे.

'कुठंही एकच दर' ही कल्पना मात्र मुळात थोर आहे, हे कबूल केलं पाहिजे. १८५४ च्या आधी हिंदुस्थानात पत्राचा दर वजनावरही असे आणि अंतरावरही. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला एक रुपया पडायचा, आणि तेव्हा रुपया म्हणजे रुपया होता. विलायतेत रोलंड हिल यांनी हिशेब मांडून दाखवला की एका पत्रामागे वाहतुकीचा खर्च अगदी चिमूटभर असतो, खरा खर्च हाताळणीत आणि हिशेब ठेवण्यात जातो. म्हणून १८४० मध्ये तिकडे पेनीचं तिकीट आलं, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून आपल्याकडे पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठंही अर्धा आणा. आजही स्पीड पोस्टात त्याची खूण शिल्लक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत ५० ग्रॅमपर्यंतचं कागदपत्रांचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७, मग ते दारव्ह्याहून दिग्रसला जावो की दिब्रुगडला. ५० ग्रॅमच्या वर गेलं की मात्र अंतराचे टप्पे सुरू : दोनशे किलोमीटर, पाचशे, हजार, दोन हजार. म्हणजे हिलसाहेबांचा सिद्धांत ५० ग्रॅमपर्यंत खरा आहे. आमच्या विक्रेत्यांनी तो सहा किलोच्या खोक्याला लावला.

या ग्रॅमांच्या टप्प्यांत बरीच घरं बुडाली आहेत. कुरिअरचा दर बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोनं चढतो. बाई अर्धा किलो चटणी मोजून भरते आणि अर्ध्या किलोचा टपालखर्च सांगते. बरणीचं वजन धरलेलं नसतं. बरणीभोवतीच्या फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचं, खोक्याचं, चिकटपट्टीचं, आणि 'आपुलकीने पाठवीत आहोत' या चिठ्ठीचंही नसतं. खिडकीवर काटा ५७० दाखवतो आणि भाडं एक किलोचं होतं. आपुलकीचा दर सत्तर ग्रॅमला अर्धा किलो पडतो. दुकानदारी शिकवणारी शिबिरं होतात, त्यात लोगो कसा असावा यावर दोन तास जातात. चटणी चारशे ग्रॅमची बरणी करून विका, म्हणजे बांधूनही टप्प्यात बसेल, हे कुणी सांगत नाही. त्यात पाहुण्यांचा सत्कार करण्यासारखं काही नसतं.

सरकारलाही विनोदाचं अंग आहे. पापडावर जीएसटी नाही. गरिबाचा पदार्थ, गृहउद्योग, बायाबापड्यांची कमाई, सगळं मान्य. तो पापड पार्सलात घालून पाठवला की पाठवणावळीवर १८ टक्के. म्हणजे पापड घरात बसला तर गरीब, प्रवासाला निघाला की श्रीमंत. पुस्तकांचं जरा बरं चाललंय. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट बंद झाली, तेव्हा प्रकाशक आणि ग्रंथविक्रेते कपाळाला हात लावून बसले होते. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, वर कर. हे ऐकताच काकूंच्या सुनेचे डोळे चमकले. कुरोड्यांच्या खोक्यावर 'पारंपरिक पाककलेची शैक्षणिक नमुनावली' असं लिहिलं तर? पोस्टातल्या खिडकीवरच्या साहेबांनी खोकं नाकाजवळ नेलं, हिंगाचा वास घेतला आणि हसून म्हणाले, "वैनी, हे ज्ञान तळून खायचं हाय."

आता गिऱ्हाइकाकडे वळू. सगळी पापं विक्रेत्याच्या माथी मारणं बरं नव्हे. काकूंनी एकदा प्रामाणिकपणाचा प्रयोग केला. पापड ३०० रुपये, टपालखर्च ९०. असं लिहून टाकलं. आठवडाभर नुसते प्रश्न आले. 'पोस्टेज एवढं?' 'मागच्या वेळी कमी होतं ना?' 'आम्ही जवळच राहतो.' (हे नाशिकहून.) एका ताईंनी विचारलं, दोन पाकिटं घेतली तर पोस्टेज माफ का? जणू दुसरं पाकीट पहिल्याला कडेवर घेऊन चालत जाणार होतं. मग सुनेनं तोच फोटो पुन्हा टाकला. पापड ४१० रुपये, मोफत घरपोच. संध्याकाळपर्यंत ऑर्डरी आल्या आणि वर 'थँक्यू ताई, खूप रिझनेबल!' जास्तीच्या वीस रुपयांचं काय करायचं यावर गटाच्या बैठकीत चर्चा झाली. गुवाहाटीच्या खात्यात जमा करावेत असं ठरलं.

मराठी माणूस पूर्वी असा नव्हता म्हणतात. जुन्या मासिकांच्या जाहिराती पाहा : किंमत अमुक, टपालखर्च निराळा. लपवाछपवी नाही. १८७७ पासून व्ही. पी. ची सोय होती, पोस्टमन दारात येणार, पैसे मोजा आणि पुडकं घ्या. अर्थात मासिकाची व्ही. पी. मागवून ती दारातूनच परत पाठवणारे वाचक तेव्हाही होते आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड संपादकाला बसत असे. आज त्यालाच कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात. पार्सल नागपूरला जातं, कुरिअरवाला फोन करतो, ताई लग्नाला गेलेल्या असतात, पार्सल परत येतं. जाण्याचं भाडं काकूंचं, येण्याचंही काकूंचं. एकदा परत आलेलं खोकं उघडलं तर आत निव्वळ रवा निघाला. काकूंनी त्याची खीर केली आणि गटाच्या वहीत लिहिलं : 'वाहतूक खर्च १८०, खीर १.'

आता काकूंनी नियम केले आहेत. आधी खोकं बांधायचं, मग वजन करायचं, मग टेप लावायचा, त्यानंतर भाव सांगायचा. कुरोड्या एकट्या पाठवायच्या नाहीत. पोकळ जागांत शेवया आणि मूगवड्यांच्या पुड्या बसवायच्या, म्हणजे हवेच्या भाड्यात मालही जातो. दर पिनकोडच्या पहिल्या आकड्यावर ठरलेले, स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेले, दर बदलले की खोडून नवे लिहिलेले. कॅश ऑन डिलिव्हरी बंद. आणि फोटोखालची फुलांची नक्षी काढून तिथं साधी ओळ : टपालखर्च निराळा. ऑर्डरी कमी झाल्या, तोटाही थांबला.

तेव्हा पुणे-मुंबईच्या ताईंनो आणि दादांनो, यंदाच्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या कुरोड्या हव्या असतील तर आधी पिनकोड पाठवा, मग भाव विचारा. टपालखर्च ऐकून 'कळवते' म्हणायचं असेल तर ते खोकं बांधायच्या आधी म्हणा. आणि 'जवळच राहतो' म्हणणाऱ्यांनी खुशाल स्वतः येऊन न्यावं. यवतमाळहून एसटी आहे, तिकीट आपापलं काढायचं.