निरपेक्ष तापमानश्रेणी कशी काढावी : नवशिक्यांसाठी

साहित्य : काचेची नळी, पारा, कोंडलेली हवा आणि हाताशी दीडशे वर्षं.

आधी बाजारातली शून्यं बघून घ्या. फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागर कालवून शून्य काढलं. सेल्सिअसने 1742 मध्ये पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर मांडले; नंतरच्यांनी ते उलटं करून घेतलं. सगळा मर्जीचा मामला.

आता हवा गार करत दाब मोजा. पॅरिसच्या आमोंतोंने 1702 च्या सुमारास हेच केलं. दाब घसरतो. त्या घसरणीची रेघ पट्टी लावून पुढे ओढली, तर त्याच्या आकड्यांवरून दाब साधारण उणे 240 सेल्सिअसला संपतो. खरं उत्तर उणे 273.15. एवढ्याशा सामग्रीत हे काम झकासच म्हणायचं.

पण इथे हात झटकू नका. तुमचं माप अजून हवेच्या भरवशावर आहे. कुठल्याच पदार्थाची मिजास सांभाळावी लागू नये, असं माप हवं. त्यासाठी पॅरिसला जाऊन कार्नोचं 1824 चं उष्णतायंत्रांवरचं पुस्तक शोधा. नाव घेताना 'र' खणखणीत लावा. 1845 मध्ये तरुण विल्यम थॉमसनने ते मागितलं, तर दुकानदाराला आधी नावच कळेना. कळल्यावर त्याने कार्नोच्या भावाचं सामाजिक प्रश्नांवरचं पुस्तक पुढे केलं.

कार्नोचं म्हणणं असं, की आदर्श यंत्राची कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते. आत वाफ असो की हवा, फरक शून्य. ग्लासगोत प्राध्यापक झालेल्या थॉमसनने 1848 मध्ये यावरून श्रेणी बांधली : तेवढीच उष्णता एक अंश खाली उतरली, की तेवढंच काम मिळालं पाहिजे, मग अंश वरचा असो वा खालचा.

गंमत पुढे आहे. या पहिल्या श्रेणीला तळच नव्हता! हवेच्या तापमापीवरचं उणे 273 तिच्यात कितीही अंश उतरलात तरी येत नाही. शिवाय उष्णता काम करूनही खर्च होत नाही, हे कार्नोचं गृहीतकच चुकीचं होतं. भौतिकशास्त्रज्ञ जूलने थॉमसनला पत्रातून हवेच्या तापमापीशी जुळतं माप सुचवलं. मग 1854 मध्ये दोघांनी ठरवून टाकलं, की यंत्राने घेतलेली आणि टाकलेली उष्णता यांचं गुणोत्तर म्हणजेच तापमानांचं गुणोत्तर. शून्य तेव्हा हाती आलं. पाठ्यपुस्तकं मात्र 1848 लाच हार घालतात.

नाव ठेवायला विद्यापीठाजवळची नदी बघा. थॉमसन 1892 मध्ये लॉर्ड केल्विन झाला तो तिच्यावरूनच. आणि 300 केल्विन लिहिताना वर अंशाचा गोल काढू नका. तो 1967 मध्येच रद्द झालाय, गुण जातील.