पावसाचं एकत्र कुटुंब

पुष्य नक्षत्राच्या पावसाला आमच्याकडे म्हातारा म्हणतात, आणि त्या पंधरवड्यात घरातल्या खऱ्या म्हाताऱ्याची फार पंचाईत होते. जुलै संपत आलेला असतो. कपडे वाळत नाहीत, चुलीत लाकडं नुसती धुमसतात, डब्यातले पापड डब्यातच मऊ पडतात. अशात स्वयंपाकघरातून काकूचा आवाज येतो, "म्हाताऱ्याने अगदी वीट आणलाय बाई! जातही नाही नि धड काही करतही नाही." ओटीवर झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांचा अडकित्ता थांबतो. आई पदराला हात पुसत लगबगीने बाहेर येते नि सांगते, "मामंजी, पावसाबद्दल म्हणतेय ती." आजोबा म्हणतात, "मी कुठे काय म्हटलं?" आणि संध्याकाळपर्यंत चहा मागत नाहीत.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. चार महिने जो अंगणात, पडवीत नि छपराच्या फटींतून माजघरातही मुक्काम ठोकतो, त्याला पाहुणा कसं म्हणायचं? त्याला नात्यात घेणंच सोयीचं. आमच्या पूर्वजांनी तेच केलं. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. गावागणिक ही नावं एखाद्या नक्षत्राने मागेपुढे होतात, पण सासू आणि सून शेजारीशेजारी नांदणार यात मात्र कुठल्याच गावाचा मतभेद नाही.

या कुटुंबाचा वक्तशीरपणाही पाहण्यासारखा आहे. आमचे सणवार चंद्राच्या तालावर चालतात. गणपती कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात, अधिक महिना आला की सगळंच लांबतं. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रं फिरतो, म्हणजे एकेकाच्या घरी साडेतेरा-चौदा दिवस राहतो. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला. यातही थोडी दिरंगाई आहे. सुमारे सत्तर वर्षांत ही तारीख एका दिवसाने पुढे सरकते. सत्तर वर्षांत एक दिवस उशीर! आमच्या काकांना लग्नाला निघताना एवढा उशीर निव्वळ चपला शोधण्यात होतो.

अर्थात नक्षत्र लागलं म्हणजे पाऊस लागला असं नव्हे. ते फक्त पाटावर पान मांडणं. जेवणारा कधी येईल ते त्याचं त्याला ठाऊक. मृगाआधी मे महिन्यात वळीव येऊन जातो, पण त्याला आमच्या तात्यांनी कुटुंबात घेतलेलं नाही. "तो जावई," तात्या म्हणतात. "आगाऊ कळवायचं नाही, गडगडाट करत यायचं, झाडावरचे उरलेसुरले आंबे खाली काढायचे नि तासाभरात निघून जायचं." हे वाक्य ते माझ्या आत्याचे यजमान समोर नाहीत याची खात्री करूनच बोलतात.

मृगाची चाहूल मात्र सगळ्या परिसराला लागलेली असते. मेच्या अखेरीपासून रात्री झाडं काजव्यांनी लुकलुकायला लागतात. पावशा पहाटेपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून ओरडत असतो. दुसऱ्याला कामाला लावणारा हा पक्षी स्वतः घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. त्याची मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात, आणि सातभाईंचा तो कलकलाटी गोतावळा पावशाची पोरं आपली समजून वाढवतो. पहिल्या सरीनंतर मातीतून मृगाचा किडा वर येतो, लालभडक नि मखमली. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे खरं तर हा किडा नव्हेच, कोळ्यांच्या भावकीतला. मुलं त्याला तळहातावर घेऊन फिरवतात आणि आजी "ठेव रे त्याला खाली, नुकता आलाय तो" म्हणून दटावते. तिच्या मते पावसाळ्यात आलेल्या कुणालाही आधी जरा टेकू द्यावं.

ही सवलत चढणीच्या माशांना मिळत नाही. पहिला लोंढा आला की ओढ्यातले मासे प्रवाहाच्या उलट, शेतांच्या दिशेने चढायला लागतात. अंडी घालायला निघालेल्या असतात बिचाऱ्या माद्या. म्हणजे बाळंतपणाला निघालेल्या लेकीबाळी, आणि रात्री बॅटऱ्या घेऊन त्यांच्या वाटेवर उभे कोण, तर आम्ही. आजी दरवर्षी म्हणते, "पाप लागेल." आणि दरवर्षी सार ढवळून बघत म्हणते, "आणखी एक आमसूल घाल."

मृग लागला की तात्यांचं खातं उघडतं: वाहनांचं. प्रत्येक नक्षत्र कशावर तरी बसून येतं. त्याचा हिशेब पंचांगवाल्यांनी असा ठरवलाय की, सूर्य नक्षत्रात शिरेल तेव्हा सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नवाने भागायचं आणि बाकीवरून वाहन सांगायचं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि बाकी शून्य आली तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असला तर ओढग्रस्त. या भागाकाराला हवामानशास्त्राचा काही आधार नाही, हे तात्यांनाही माहीत आहे. तरी यंदा मृग कोल्ह्यावर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडतो, की सोयरिकीची बोलणी फिसकटल्याचा निरोप यावा.

त्यांच्या शेजारी माझा पुतण्या मोबाइल घेऊन बसलेला असतो. "तात्याआजोबा, उद्या पावसाची शक्यता चाळीस टक्के."

"चाळीस टक्के म्हणजे काय रे? पंचा भिजेल की धोतर?"

"तसं नसतं ते. शंभर वेळा अशी हवा असेल तर चाळीस वेळा पाऊस पडेल."

तात्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. "मला शंभर वेळा नाही रे पेरायचं. एकदाच पेरायचंय."

यावर हवामान खात्याकडेही उत्तर नसावं. दुसऱ्या दिवशी दोघंही मग पडवीत उभे राहून पश्चिमेकडे बघतात. एकाच्या हातात पंचांग, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, आणि दोघांचीही भिस्त समुद्राकडून चढणाऱ्या त्या काळ्या ढगावर.

तरणा पाऊस येतो तेव्हा लावणी ऐन भरात असते. जूनच्या सुरुवातीला पेरलेली रोपं वीतभर झालेली असतात. ती उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. तरण्याला दम नसतो. येतो तो वाऱ्याला बरोबर घेऊन, बांध फोडतो, व्हाळ भरून टाकतो, डोक्यावरचं इरलं उडवून देतो. त्याच्या नावाने कुणी कटकट करत नाही, कारण कटकट करायला पाठ सरळ करावी लागते आणि लावणीत तेवढी सवड नसते. शिवाय तरण्याचं सगळ्यांना कौतुकच. "काय कोसळतोय!" हे वाक्य आमच्याकडे तक्रारीच्या सुरात निघतं, पण बोलणाऱ्याच्या तोंडावर पोरगा पहिला आल्याचा आनंद असतो.

मग येतो म्हातारा. मोठी सर नाही, गडगडाट नाही, नुसती रिपरिप. सकाळी आहे, दुपारी आहे, रात्री जाग आली तरी आहे. पागोळ्या एका लयीत ठिबकत राहतात. छपराची गळती पावसाळ्यापूर्वी कौलं परतल्यानंतरही आपली जागा सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक गळतीला तिचं ठरलेलं भांडं असतं. देवघराजवळ पितळी तपेलं, माजघरात ॲल्युमिनियमचं पातेलं, कोठीच्या दाराशी प्लॅस्टिकची बादली. तिघांचे आवाज वेगळे. नवीन सुनेने एकदा चुकून तपेल्याच्या जागी बादली ठेवली, तर आजोबांना रात्रभर झोप लागली नाही.

या म्हाताऱ्याची बाजू घेणारी घरात एकच, आजी. काकूचा वीट शिगेला पोचला की ती शांतपणे म्हणते, "लावलेलं रोप आठ-पंधरा दिवसांचं पोर असतं. त्याला तरण्याचा मार झेपत नाही. त्याला असाच हवा, दिवसभर हळूहळू पाजणारा." आणि ते खरंही आहे. मुसळधार पाणी डोंगरावरून धावत थेट खाडी गाठतं. जमिनीत जिरतं ते रिपरिपीचं. मार्चपर्यंत विहिरीत जे टिकतं, त्यात म्हाताऱ्याचा वाटा मोठा. आजोबा हे ऐकतात, पण ऐकल्याचं दाखवत नाहीत. फक्त थोड्या वेळाने चहा मागतात.

ऑगस्टच्या मध्यावर मघा लागतात. सासूंचा पाऊस. महिनाअखेरीला पूर्वा, तो सुनांचा. तोवर पावसाचा जोर उतरलेला असतो. ऊन पडतं, दोरीवर कपडे जातात, आणि नेमकी सर येते. या दोन नक्षत्रांच्या स्वभावाबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आजीचं मत, मघांचा पाऊस नेमका नि कामापुरता. खरा लहरी तो पूर्वांचा, या वाडीत पडेल तर त्या वाडीत नाही. काकूचं मत बरोबर उलट. मघांचा पाऊस म्हणे वाळत घातलेले कपडे बघूनच येतो. सुनांचा मात्र सगळ्यांचं जेवण आवरून, भांडी घासून झाल्यावर, दुपारी कसाबसा थोडा बरसतो. आई या वादात कधीच पडत नाही. तिच्या वरती एक सासू आहे आणि हाताखाली एक सून, त्यामुळे दोन्ही नक्षत्रांत ती छत्री घेऊनच वावरते.

बहुतेक वर्षी गणपतीही याच सुमाराला येतात. मुंबईचे चाकरमानी उतरतात, घर भरतं, पडवीभर ओल्या चपला होतात. तेव्हा बाहेरचं कुटुंब नि आतलं कुटुंब यांत फारसा फरक उरत नाही. दोन्हीकडे माणसं जास्त, जागा कमी, कुणाचं ना कुणाचं तोंड फुगलेलं, आणि तरीही "यंदा कुणी आलंच नाही" म्हणायची पाळी देवाने आणू नये, ही सगळ्यांची इच्छा.

सप्टेंबरच्या अखेरीला हस्त लागतो. हत्तीचा पाऊस दुपारनंतर गर्जत येतो नि अंगण धुऊन निघून जातो. मग चित्रा आणि ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती. स्वातीच्या थेंबाचा शिंपल्यात मोती होतो असं म्हणतात. शिंपल्यांचं काय होतं ते समुद्र जाणे, आमच्या खाचरांत मात्र तेव्हा भात कापून पसरलेलं असतं, आणि त्यावर पडलेल्या थेंबाचे कोंब होतात. पाऊस आला की घरातली झाडून सगळी माणसं ताडपत्र्या, गोणपाटं घेऊन शेताकडे पळतात. काकू पळता पळता आभाळाकडे बघून सुनावते, "निघताना कुणी असा घोळ घालतं का? झालं ना सगळं? मग आता निघावं!" एवढ्या संतापातही ती त्याला 'नीघ' म्हणत नाही.

हीच काकू पुढच्या वर्षी १० जून उलटला नि आभाळ कोरडं राहिलं, की भांडी विसळायची थांबते. पंचांगात काय लिहिलंय नि मोबाइल काय म्हणतोय, हे दोन्ही तिने ऐकलेलं असतं आणि दोन्हींवर तिचा विश्वास नसतो. रस्त्याकडे तोंड करून ती कुणालाही उद्देशून नसलेला प्रश्न विचारते, "केरळात तर पोचला म्हणाले होते. मग वाटेत कुठे अडकला असेल हो?"