हातोडीने सील बसवणाऱ्यास खुले पत्र

तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर

हातोडीबहाद्दर मेकॅनिक महाशय यांस,

वेळ नदीकाठच्या आमच्या जुन्या मोनोब्लॉक पंपाचा सील तुम्ही बदलून गेलात आणि चासकमान धरणाचं आवर्तन संपायच्या आतच शाफ्टपाशी पुन्हा धार लागली. फोनवर तुमचं उत्तर तयार होतं: "हल्ली मालच तसला येतो." मालाच्या नावानं बोटं मोडण्याआधी पंप खोलून बघितला. तुमची सगळी करामत आत जशीच्या तशी होती.

सिरॅमिकच्या रिंगची कपची उडालेली होती. ही रिंग पंपाच्या अंगात स्थिर बसते. समोरची कार्बनची रिंग शाफ्टबरोबर फिरते आणि स्प्रिंग तिला सिरॅमिकवर दाबून धरते. दोन्ही तोंडं इतकी गुळगुळीत घासलेली असतात की त्यांच्यामध्ये पाण्याचा जेमतेम एक पापुद्रा उरतो. तोच त्यांना थंड ठेवतो आणि तेवढ्यावरच सगळा पंप बाहेरून कोरडा राहतो. म्हणून त्या तोंडांना बोटसुद्धा लावायचं नसतं. तुम्ही तिथे छिन्नी टेकवलीत आणि वर घाव घातलात. मापाचा पाइपचा तुकडा घेऊन, रबराला साबणाचं पाणी लावून ती रिंग नुसत्या हाताच्या दाबानं बसली असती. त्याला किती वेळ लागतो?

पुढे शाफ्ट. त्यावरून नख फिरवलं की अडकतं, इतकी खोल खाच जुन्या रबरानं पाडली होती. नवा सील त्याच खाचेवर चढवलात. रबर शाफ्टला आवळून बसलंच नाही, तर पाणी त्याच्या खालून वाट काढणारच. शिक्रापूरला लेथवर शाफ्टला बुश चढवून घेता आला असता किंवा निदान मला तसं सांगता आलं असतं. त्यात शाफ्ट हातानं वरखाली हलत होता, म्हणजे बेअरिंग गेलेलं होतं. हलत्या शाफ्टवर जगातला कुठलाही सील टिकत नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही बघितलंच नाहीत.

आणि ती रबरी चकती? पंप आणि मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर एक साधी चकती असते. सील गळलाच तर शाफ्टवरून मोटरकडे निघालेलं पाणी ती फिरता फिरता बाहेर फेकते. खोलताना ती फाटली आणि तुम्ही फेकून दिलीत. मोनोब्लॉकमध्ये शाफ्ट एकच, त्यामुळे पाणी सरळ मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि तिथून वायंडिंगपर्यंत जातं. वायंडिंग जळालं तर पैशांनी भरून येतं. पण रात्रपाळीची लाइट आली की दारं धरायला आलेला माणूस ओल्या काठावरून, बऱ्याचदा अनवाणी, त्या मोटरजवळ जातो. अर्थिंग नीट नसेल आणि मोटरच्या अंगात करंट उतरला असेल, तर तिला हात लावणाऱ्याचं काय होतं, हे नदीकाठच्या गावांना सांगायला नको. तुमच्या हातोडीवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

स्टार्टरला ऑटो स्विचही तुम्हीच जोडून देता. महावितरण तो काढा म्हणून सांगतं, कारण लाइट येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपीवर ताण येतो. सीलचा जीवही त्याच्यापायी जातो. बंधाऱ्यातलं पाणी उतरलेलं असतं, फूटव्हॉल्वमधून पाइप रिकामा झालेला असतो, काठावर कुणी नसतं आणि पंप कोरडाच फिरत राहतो. सिरॅमिक तापतं, मग अचानक गार पाणी लागलं की तडकतं. ऑटो जोडताना हे एकदा तरी कुणाला सांगितलंत का?

जुना पंप आहे, गळायचाच, असंही तुम्ही म्हणालात. समुद्रात पर्यटकांना फिरवणारी जेट स्की बघा. तिच्या पोटातही इंपेलरचा पंपच असतो आणि इंजिनाकडून निघालेला शाफ्ट सीलमधून त्या पंपापर्यंत जातो. काही जेट स्कींमध्ये तर हीच कार्बनची रिंग असते, मागून रबरी घडीनं दाबलेली. तिथे सील गेला की पाणी थेट इंजिनाच्या खणात शिरतं, म्हणून जुन्या जेट स्कीचे जाणते मालक हंगामाआधी रबर, रिंग आणि बेअरिंग तपासून घेतात. खारं पाणी आणि वाळू सोसून ती यंत्रं वर्षानुवर्षं चालतात. आमच्या पंपाच्या वाट्याला मात्र तुमचा घाव येतो.

शिरूर-दौंडच्या शेतकरी भावांनो, सील बदलला की जुना सील मागून घ्या. सिरॅमिकवर मधून कडेकडे गेलेले तडे दिसले तर पंप बहुधा कोरडा चालला आहे. गोल गोल चरे असतील तर पाण्यातून वाळू येते आहे, जाळी बघा. कड फुटलेली असेल तर हातोडी चालली आहे. रबर फुगलेलं असेल तर भलतंच तेल किंवा ग्रीस लावलं आहे. नवा सील चढण्याआधी शाफ्टवर स्वतः नख फिरवा, रबरी चकती जागेवर आहे का बघा, आणि मगच पैसे द्या.

कळावे,
वेळ नदीकाठचा एक शेतकरी