रविवारच्या शेतमजुरास अनावृत पत्र

प्रति,
मा. साहेब व बाईसाहेब,
हिंजवडी, बाणेर, वाकड आणि आसपासचे सर्व उंच मजले.



जुन्नर तालुक्यातल्या एका शेतावर ‘एक दिवस शेतमजुराचा’ हा अनुभव घ्यायला आपण ऐन मे महिन्यात सहकुटुंब येणार असल्याचं कळलं. त्याचे माणशी पैसे आपण आगाऊ भरल्याचंही कळलं. शेतात राबून पैसे घेणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. मीही त्यातलाच, कॉलेजला सुट्टी लागली की फीची तजवीज करायला टोमॅटोच्या तोडणीला जातो. पैसे देऊन राबणारा गडी मात्र आमच्या मुकादमाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याने मला दोनदा विचारलं, “नक्की तेच देणार ना? आपल्याला नाही ना द्यायचे?” खात्री पटल्यावर म्हणाला, “मग रोज बोलव की त्यांना.”

आपली गैरसोय होऊ नये म्हणून काही गोष्टी आधीच कळवतो. हुरडा मागू नये, तो थंडीतला. बैलगाडी आहे, पण ती पाहुण्यांपुरतीच. माल पिकअपमधूनच जातो. आणि शुद्ध हवा मिळेल, शेजारच्या वावरात फवारणी चालू नसली तर.

जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत पहाट’ असं छापलं आहे. त्यात खोटं काही नाही. आमच्याकडचा निसर्ग उसात दबा धरून बसलेला असतो आणि त्याच्या अंगावर ठिपके असतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पकडलेले तिथे असतात; न पकडलेले कुठे असतात ते विचारू नये. बसलेलं किंवा ओणवं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, असं जाणकार सांगतात आणि भाजीपाल्याचं निम्मं काम ओणव्यानेच होतं. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडची माणसं २०२५ साली गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. आपल्या पाकिटात टोपी आणि टी-शर्ट मोफत आहे. पट्ट्याचं विचारून घ्यावं.

आता कामाचं. उन्हाळी टोमॅटोची लागण आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. उंच बेड, त्यावर ठिबकची नळी, वरून मल्चिंग पेपर. झाड वाढलं की बांबू, तार, सुतळी. हा मल्चिंग पेपर वरच्या अंगाने चंदेरी असतो. त्यावरून ऊन परततं, त्या झगमगाटाने पांढरी माशी आणि फुलकिडे बुजतात, म्हणून तो रंग. दुपारी बाराला त्या सरीत उभं राहिलं की डोक्यावर एक ऊन आणि हनुवटीखाली दुसरं. किडे शहाणे, ते निघून जातात. आम्ही हजेरीवर असतो.

तोडायचं कसं, हे आपल्याला दाखवतीलच, पण पाहुणे हमखास चुकतात म्हणून सांगतो. आपण लालबुंद टोमॅटो बघून त्याच्यावर हात टाकाल. तो नको. लांबच्या बाजाराला जाणारा माल नुकता रंग धरलेला लागतो. लालबुंद माल वाटेतच मऊ पडतो. देठही ठेवायचा नाही, तो क्रेटमध्ये शेजारच्या फळात घुसतो. आपण फांदीसकट ओढाल, दोन फुलं आणि तीन हिरवी फळं खाली पाडाल आणि कॅमेऱ्याकडे बघून हसाल. तेव्हा आपल्या मागच्या सरीत एक मावशी असतील. आपण सोडलेलं तोडत, मोडलेली फांदी सुतळीत अडकवत त्या पुढे सरकतील. फोटोत त्या येत नाहीत. आल्याच तर छान दिसतात, असंही ऐकलं.

तासाभराने आपले हात बघा. टोमॅटोच्या पाल्यावर बारीक लव असते, तिचा चीक बोटांना चिकटतो. आधी पिवळा, मग हिरवा, दुपारपर्यंत काळा. साबण लावला की पिवळट फेस येतो, पुन्हा लावला तरी येतो आणि भाकरीचा पहिला घास कडू लागतो. कच्चा टोमॅटो हातात कुस्करून चोळला की बराचसा निघतो. ही युक्ती पाकिटात नाही, माझ्यातर्फे भेट. नखांच्या कडेचं मात्र राहतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते दिसेल असं बघा, चर्चा चांगली होईल.

क्रेट उचलायचा आग्रह धरू नये. भरलेलं क्रेट वीस किलोचं; ते सरीतून बांधापर्यंत आणि बांधावरून पिकअपमध्ये. आपण एक उचलाल, टाळ्या पडतील, मग उसाचा रस मिळेल. आम्हाला टाळ्यांची सवय नाही. पुढचं क्रेट वाट बघत असतं.

हजेरीचं बोलायचं तर गड्याला जास्त, बाईला कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, पण समान वेतन अजून आमच्या फाट्यावर उतरायचं आहे. यात शेतकऱ्याला एकट्याला धरून बडवू नका. तोही आमच्याबरोबर सरीत असतो. २०२३ च्या मे महिन्यात भाव पडले म्हणून राज्यात ठिकठिकाणी टोमॅटो रस्त्यावर ओतले गेले. दोन महिन्यांनी नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या त्याच क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. मे महिन्यात आपण हळहळला असाल, तर ते निदान आमच्या ऐकिवात नाही. जुलैत मात्र देश हादरला. एका मोठ्या बर्गर कंपनीने काही शहरांत बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टोमॅटोला सोन्याच्या डबीत ठेवायचे विनोद फिरले. आमची हजेरी तेव्हाही जागची हलली नाही, तिच्यावर विनोद करण्यासारखंही काही नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका अभ्यासात हिशेब आहे: आपण टोमॅटोवर खर्च केलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याकडे येतात. रोपं, पेपर, नळ्या, बांबू, सुतळी, औषधं आणि मी, असे सगळे त्या ३३ पैशांत बसतो. दाटी होते, पण बसतो. मंडईत ‘दोन रुपये कमी कर’ म्हणताना आपण नेमकं कोणाला उठवताय, तेवढं बघावं.

इतकं लिहूनही आपण येऊ नये, असं मी म्हणणार नाही. आपला घाम खरा असतो, लेकरं चिखलात मनापासून लोळतात, वांग्याचं झाड त्यांना पहिल्यांदाच दिसतं. या. शक्यतो दुसऱ्या दिवशीही या. पहिल्या दिवशी कंबर नवीन असते, अनुभव असतो. दुसऱ्या दिवशी ती नुसती दुखते आणि शेतमजुरी तिथून सुरू होते. पण दुसऱ्या दिवसाचं पाकीट कोणीच काढत नाही.

कळावे. लोभ आहेच, फुकट असल्यामुळे वाढायला हरकत नाही.

आपला नम्र,
तोडणीच्या टोळीतला एक गडी

ता. क. एक काम होतं, विनोदाचं नाही. आपण उतरणार त्या तंबूंमागे पाहुण्यांसाठी टाइल्स लावलेले चार संडास आहेत. त्याच बांधाला तोडणी करणाऱ्या बायांना एकही नाही. आडोसा असतो तो उसाचा, आणि उसाचं वर सांगितलंच आहे. म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, मे महिन्यात. आपण पैसे भरणारी माणसं, आपला शब्द मालक टाळणार नाही. चारातला एक त्यांना उघडा ठेवायला सांगा, एवढी विनंती.